सिद्धेश्वरने उतरा आणि थेट कॅथेड्रलला जा

मुंबईचं सेंट थॉमस कॅथेड्रल मला आमच्या शेजारच्या ख्रिस्ती काकूंनी दाखवलं. आता मुलाकडे गेले की एक रविवार तिथलाच.

शनिवारी रात्री सोलापुरातून सिद्धेश्वर एक्स्प्रेस धरा. सकाळी सीएसएमटीला उतरलात की वेटिंग रूममध्ये तोंड धुवा आणि कडक भाकरी, शेंगाचटणी तिथेच उरकून घ्या. उपासनेत प्लास्टिकची पिशवी कुरकुरली की अख्ख्या देवळात ऐकू जाते. (मीच ती!) मग डी. एन. रोडने हुतात्मा चौक गाठायचा आणि डावीकडे हॉर्निमन सर्कलकडे वळायचं. रमतगमत वीसेक मिनिटं. उपासनेची वेळ मात्र आधी विचारून घ्या.

चर्चगेट ज्या चर्चमुळे म्हणतात, ते हेच. जुन्या मुंबईभोवतीच्या कोटाची एक वेस या बाजूला होती, तीच चर्चगेट. १६७६ मध्ये पायाभरणी झाली, मग चाळीसेक वर्षं काम रखडलं आणि १७१८ च्या नाताळात देऊळ उघडलं. आपल्या उड्डाणपुलांवर चिडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. १८३७ मध्ये ते कॅथेड्रल झालं, म्हणजे बिशपचं आसन असलेलं चर्च.

आत मागच्या बाकावर बसा. पुढचे उठले की उठायचं, बसले की बसायचं. मध्येच शेजारची माणसं हात मिळवून ‘शांती असो’ अशा अर्थाचं काही म्हणतात. लाजू नका, हात पुढे करा. प्रभुभोजनाला, म्हणजे पुढे भाकर आणि द्राक्षारस देतात तेव्हा, मात्र उठू नका. पहिल्या वेळी मी प्रसाद समजून ओंजळ करून उठलेच होते, काकूंनी पदर धरून खाली बसवलं. ते बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती दीक्षा, झालेल्यांसाठी असतं. बसून राहिलात तर कुणी वळूनही बघत नाही.

भिंतीवरच्या संगमरवरी पाट्या उपासना संपल्यावरच वाचा. जोनाथन डंकन हा १७९५ ते १८११ मुंबईचा गव्हर्नर. त्याच्या स्मारकावर बनारस आणि काठेवाडातली बालहत्या बंद केल्याचं कोरलंय. मारल्या जायच्या त्या मुली. मी दोन नातींची आजी, तिथून माझा पाय लवकर निघत नाही.

निघताना फळ्यावरचे गाण्यांचे नंबर तिकिटाच्या पाठीवर उतरवून घेते. घरी पोचले की काकूंचा पहिला प्रश्न तोच असतो.