आंतरराष्ट्रीय कुस्तीचा निकाल फळ्यावर लिहिण्याआधी

जागतिक किंवा आशियाई स्पर्धा लागली की सांगली-साताऱ्याकडच्या तालमींच्या ग्रुपवर निकालाचे तक्ते फिरायला लागतात. आपल्या मैदानाच्या बातमीत कोणी कोणाला कुठल्या डावावर चितपट केलं ते सरळ छापलेलं असतं. या तक्त्यात डावाचं नाव नसतं, असतात ती नुसती अक्षरं आणि आकडे. म्हणून ते क्रमाने वाचावे लागतात.

आधी प्रकार आणि वजन बघा. फ्रीस्टाईलला १० गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथेच थांबते, ग्रीको-रोमनला, म्हणजे कमरेखाली पकड न चालणाऱ्या प्रकाराला, ८ गुणांची. सीनियर जागतिक स्पर्धेत फ्रीस्टाईलचे १० वजनगट असतात. पॅरिस ऑलिम्पिकला पुरुषांचे सहाच होते : ५७, ६५, ७४, ८६, ९७ आणि १२५ किलो. राहुल आवारेचं २०१९चं जागतिक कांस्य ६१ किलोतलं, म्हणजे ऑलिम्पिकमध्ये नसलेल्या गटातलं.

मग अक्षरं. व्हीएफए म्हणजे चितपट. व्हीएसयू म्हणजे तांत्रिक वर्चस्व, वर सांगितलेल्या १० किंवा ८ च्या आघाडीने थांबलेली कुस्ती, हरणाऱ्याला एकही गुण नाही. पुढे १ असेल तर त्यानेही गुण घेतलेत. व्हीपीओ म्हणजे पूर्ण ६ मिनिटं खेळून गुणांवर विजय, तिथेही १ चा अर्थ तोच. व्हीआयएन म्हणजे दुखापत, व्हीएफओ म्हणजे समोरचा उतरलाच नाही.

खरा घोळ आकड्यांत होतो. तक्त्यात आकड्यांच्या दोन जोड्या असतात. एक मॅटवर मिळालेल्या गुणांची, दुसरी वर्गीकरणाच्या गुणांची, म्हणजे विजय कसा झाला त्यावर क्रमवारीसाठी मिळणाऱ्या गुणांची. चितपटला ५-०, वर्चस्वाला ४-० किंवा ४-१, गुणांवरच्या विजयाला ३-० किंवा ३-१. पॅरिसला ५७ किलोत भारताच्या अमन सेहरावतने कांस्याची कुस्ती डॅरियन क्रूझविरुद्ध १३-५ अशी जिंकली. वर्गीकरणात ती ३-१. घाईत वाचणारा ‘अमन ३-१ने जिंकला’ असं पुढे ढकलतो आणि एकतर्फी कुस्ती चुरशीची होऊन बसते. फरक ८ चा होता, फ्रीस्टाईल असल्यामुळे ती चालू राहिली. ग्रीकोत ८ चा फरक पडताच थांबली असती. त्याच स्पर्धेत उपांत्य फेरीत जपानच्या रेई हिगुचीने अमनला १०-० असं हरवलं, ते व्हीएसयू, ४-०.

गुण कोणत्या क्रमाने पडले हे दिलं असेल तर डावाचाही अंदाज येतो. ताबा घेतला की २, उचलून थेट धोक्याच्या स्थितीत, म्हणजे पाठ मॅटकडे होईल असं टाकलं की ४, उंच उचलून फेकलं तर ५. २ नंतर लागोपाठ २, २, २ दिसले तर खाली घेऊन भारंदाजसारख्या, कमरेला विळखा घालून लोळवायच्या डावाने फिरवत नेलं असं बहुतेक धरायला हरकत नाही. सुटा १ मात्र फसवा. तो समोरच्याला रेषेबाहेर काढल्याचा असतो, खालून पलटून वर आल्याचा असतो, समोरच्याच्या निष्क्रियतेचा असतो किंवा पंचांच्या निर्णयाला त्याने दिलेलं चॅलेंज फसल्याचाही असतो. नुसत्या १ वरून डाव सांगू नका.

गुण सारखे असले म्हणजे कुस्ती बरोबरीत सुटली असं नाही. आधी मोठ्या गुणाचा डाव कोणाचा ते बघतात, मग ताकीद कोणाला कमी, शेवटी अखेरचा गुण कोणाचा. ४-४ मध्ये एकाच डावात ४ घेणारा २ आणि २ घेणाऱ्याला भारी पडतो.

क्रमवारीत चौथा क्रमांक शोधू नका. कांस्य दोन, पाचवे दोन. अंतिम फेरीत गेलेल्या दोघांकडून जे हरले त्यांनाच रेपेचाजची, म्हणजे हरल्यावरही कांस्यासाठी पुन्हा खेळायची संधी मिळते. उपांत्य फेरीत हरलेला थेट कांस्याच्या कुस्तीला उभा राहतो. त्यामुळे पहिल्याच फेरीत हरलेल्याची स्पर्धा संपली की नाही, हे त्याला हरवणारा कुठवर गेला यावर ठरतं.

एका गटाच्या कुस्त्या दोन दिवस चालतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा वजन होतं. २०२४ला विनेश फोगट ५० किलोत अंतिम फेरीत पोहोचली होती, पण वजन १०० ग्रॅम जास्त भरलं आणि ती शेवटच्या क्रमांकावर गेली. उपांत्य फेरीत तिच्याकडून हरलेली क्युबाची गुझमन अंतिम फेरीत आली, पहिल्या फेरीत विनेशकडूनच हरलेल्या जपानच्या युई सुसाकीने कांस्य नेलं. म्हणून ‘रौप्य पक्कं’ हे पहिल्या दिवशी रात्री फळ्यावर लिहू नये.

लिहिताना वजन, प्रकार, फेरी, समोरचा पैलवान आणि देश, मॅटवरचे गुण, मग विजयाचा प्रकार, एवढं एका ओळीत बसतं. वर्गीकरणाचे गुण गाळले तरी चालतात. सातव्या क्रमांकापासून पुढची यादी मात्र आधी त्यांच्यावरच लागते, त्यामुळे तो आठवा का आणि हा नववा का असा वाद निघाला तर मूळ तक्ता हाताशी ठेवा.

जुन्या स्पर्धांना हा हिशेब लावू नका. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ला हेलसिंकीत कांस्य मिळवलं तेव्हा दंडगुणांची पद्धत होती. प्रत्येक कुस्तीनंतर ते साठत जायचे आणि ठरलेली मर्यादा गाठली की पैलवान बाहेर. तिथे जास्त आकडा म्हणजे वाईट.