गस्तीचा पोलीस कुत्रा निवडताना आणि शिकवताना या चुका टाळा (खास कोकण किनाऱ्यासाठी)

गस्तीचा कुत्रा ऐन वेळी कचरला की पहिला शेरा त्याच्यावरच बसतो. भित्रा आहे, हट्टी आहे, नाक चालत नाही. बहुतेक वेळा यातलं काहीच खरं नसतं. चूक आधीच झालेली असते, एक तर त्याला पसंत करताना, नाहीतर त्याला कुठल्या जमिनीवर आणि कुठल्या वेळी शिकवलं यात. कोकणात ही दुसरी चूक फार महागात पडते. घाटावरच्या कोरड्या हवेत, मैदानावरच्या गवतात तयार झालेलं जनावर मे महिन्यात थेट जेटीवर उतरवलं तर ते बावचळणारच.

आणि इथे बावचळून चालत नाही. फेब्रुवारी १९९३ मध्ये आरडीएक्स उतरलं ते रायगडातल्या शेखाडीला. ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरला एके-४७ रायफली असलेली बोट वाहत येऊन लागली. पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये दापोलीच्या किनाऱ्यांवर चरसची पाकिटं सापडली. अशा किनाऱ्यावर फिरणारा कुत्रा इथल्याच वाऱ्या-वाळूत घडायला हवा.

चावरा तो चांगला, हा समज

सगळ्यात मोठी चूक हीच. पिंजऱ्याजवळ गेल्यावर जो अंगावर धावून येतो, दात विचकतो, तो लोकांना 'पोलिसी' वाटतो. जरा नीट बघा. शेपूट पोटाखाली, कान मागे, वजन मागच्या पायांवर, आणि भुंकता भुंकता एकेक पाऊल मागे. हा भीतीने चावणारा कुत्रा आहे. गणपतीतल्या गर्दीत, एसटी स्टँडवर किंवा सुपाऱ्या-नारळाच्या अंधाऱ्या वाडीत तो कधी कुणाला चावेल याचा नेम नाही, आणि खरा गुन्हेगार काठी घेऊन उलटला तर तोच आधी पळेल.

हवा असतो तो शांत डोक्याचा, पण शोधायची हाव असलेला कुत्रा. ही हाव तपासायला महागडं काही लागत नाही, एक रबरी चेंडू पुरतो. बंदरावर सकाळचा लिलाव आटोपला की वर्ष-दीड वर्षाच्या कुत्र्याला तिथे न्यायचं, चेंडू दाखवायचा आणि जाळ्यांच्या ढिगात फेकायचा. अशाच एका चाचणीत पाहिलेली बेल्जियन मॅलिनॉइज मादी अजून डोळ्यांसमोर आहे. ती आधी बर्फाच्या क्रेटला नाक लावून थबकली, मासळीचा वास घेतला आणि मान झटकून पुन्हा जाळ्यांकडे वळली. नायलॉनच्या गुंत्यात पुढचा पाय अडकला, तो तिने ओरडाआरडा न करता सोडवला आणि पुन्हा खाली नाक घातलं. तेवढ्यात मागे ट्रॉलरचं इंजिन धडधडत सुरू झालं. तिने कान फिरवले, एकदा बघितलं, की परत कामाला. चेंडू मिळेपर्यंत ती हटली नाही. निवड करायची ती अशा जनावराची. शेजारचा दिसायला रुबाबदार, रुंद छातीचा जर्मन शेफर्ड चेंडू दिसेनासा होताच हँडलरच्या, म्हणजे त्याला सांभाळून काम करून घेणाऱ्या पोलिसाच्या, तोंडाकडे बघत उभा राहिला. तो घर राखेल, गस्तीला उपयोगाचा नाही.

याच्या जोडीला ओली गुळगुळीत फरशी, लोखंडी जाळीचा जिना, काळोखी खोली आणि लांबून बंदुकीचा बार या चार गोष्टींना कुत्रा कसा सामोरा जातो ते बघा. दचकला तर हरकत नाही. किती लवकर सावरला, हे महत्त्वाचं. कमरेच्या सांध्यांचा एक्स-रे काढल्याशिवाय मात्र व्यवहार करू नका. जर्मन शेफर्ड आणि लॅब्रेडॉरमध्ये खुब्याचा दोष अनेकदा आढळतो, आणि तो उघड होईपर्यंत प्रशिक्षणाचे सगळे महिने खर्ची पडलेले असतात.

फक्त सकाळी सहाला सराव

गारव्यात सराव आणि बंदोबस्त मात्र दुपारी एकला, हे गणित जुळत नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून अंग थंड करतो. दमट हवेत जिभेवरचं पाणी नीट उडत नाही, त्यामुळे तापमापक घाटावरच्यापेक्षा कमी आकडा दाखवत असला तरी इथे ऊन लवकर बाधतं. साधारण दोन आठवडे रोज थोडं थोडं करून त्याला दुपारची सवय लावा. वाळूवर किंवा जांभ्याच्या कातळावर हाताची उलटी बाजू सहा-सात सेकंद ठेववत नसेल, तर कुत्र्याला तिथे चालवू नका.

जीभ पसरट होऊन कडा वर वळल्या, लाळ चिकट झाली, हिरड्या विटकरी लाल दिसल्या, चाल लडखडली, की काम तिथेच थांबवायचं. निरोगी कुत्र्याचं तापमान ३८ ते ३९ अंशांच्या आसपास असतं. ४१ म्हणजे जिवाशी खेळ. पोटावर, जांघेत साधं पाणी ओता, वारा घाला आणि मगच गाडीत घालून डॉक्टरांकडे न्या. ओला टॉवेल पांघरून ठेवू नका, त्याने उष्णता आत कोंडते. पिण्याचं पाणी सोबत हवंच. तहानलेला कुत्रा समुद्राचं पाणी पितो आणि मग उलट्या-जुलाबांनी आणखी सुकतो.

वारा न बघता शोध सुरू करणं

'कुत्र्याने माग सोडला' या तक्रारीमागे अनेकदा हेच असतं. दुपारी खारे वारे समुद्राकडून जमिनीकडे येतात. सुरूच्या बनात माणूस दडला असेल तर त्याचा वास गावाच्या बाजूला वाहतो, म्हणून शोध गावाच्या अंगाने सुरू करायचा. रात्री मतलई वारे सुटले की उलट, पाण्याच्या काठाने जायचं. हातात चिमूटभर कोरडी माती घेऊन सोडली तरी वाऱ्याची दिशा कळते. हँडलरने हे न करता कुत्र्याला चुकीच्या बाजूने घातलं, तर उत्तम नाकही रिकामं परत येतं.

भरतीच्या रेषेखालचा माग पाणी चढलं की गेला. म्हणून घटनास्थळी पोचताच पहिला प्रश्न भरती-ओहोटीचा विचारा; कुठलाही मच्छीमार तिथीवरून वेळ सांगेल. सरावातही ओली पुळण, कोरडी वाळू, सड्यावरचा (उघड्या कातळपठारावरचा) तापलेला कातळ, खाजणातला (खाडीकाठच्या दलदलीतला) चिखल आणि डांबरी रस्ता असे तुकडे एकाच मागात जोडा. नुसत्या गवतावर शिकलेला कुत्रा पहिल्या कातळाला येऊन थांबतो. सड्यावर दगडांच्या फटीत नाक घालू देताना फुरशाचं, त्या विषारी सापाचं, भान ठेवा. दंश झालाच तर कुत्र्याला चालवू नका, उचलून न्या.

मासळीवरून झटके देणं

रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढून झाली की वाळूवर टाकाऊ मासळी उरते. कुत्रा तिकडे ओढला की पट्ट्याला हिसका देतात; त्याने तो हँडलरची नजर चुकवून खायला शिकतो. त्याऐवजी 'सोड' म्हटल्यावर लगेच चेंडू मिळतो हे आधी घरी, मग सुक्या मासळीजवळ, मग जेटीवर पक्कं करा. हा शिस्तीचाच नाही, जिवाचाही प्रश्न आहे. शिंगाळ्याचा काटा घशात रुततो. केंड या फुगणाऱ्या माशाच्या अनेक जातींत असं विष असतं की त्यावर उतारा नाही, आणि मासा उन्हात वाळला तरी ते विष जात नाही.

कुत्रा वासाऐवजी हँडलरला वाचतो

सरावात शोधायचा माल (स्फोटकं किंवा अमली पदार्थ) कुठे ठेवलाय हे हँडलरला ठाऊक असलं की त्याचं पाऊल तिथे नकळत मंदावतं, आणि कुत्रा तेवढंच हेरतो. २०११ साली कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठाने कुत्रा आणि हँडलर अशा १८ जोड्यांवर प्रयोग केला. कुठेही माल ठेवलेला नव्हता, तरी बहुतेक फेऱ्यांत 'माल इथे आहे' असे इशारे मिळाले, आणि जिथे माल आहे असं हँडलरना वाटत होतं तिथे ते जास्त मिळाले. त्यामुळे माल तिसऱ्यानेच लपवावा, हँडलरला सांगू नये, आणि अधूनमधून काहीच न लपवता फेरी घ्यावी. अशा फेरीत कुत्रा शांतपणे 'काही नाही' म्हणून परतला, तर त्यालाही बक्षीस द्या.

स्फोटकं आणि अमली पदार्थ एकाच कुत्र्याला शिकवू नका. तो इशारा म्हणून बसला की बॅगेपासून लांब पळायचं की ती उघडायची, हे कुणालाच कळणार नाही. १९९३ मध्ये मुंबईत नाव कमावलेला लॅब्रेडॉर जंजीर हा स्फोटकांचाच कुत्रा होता.

फक्त बाहीच चावणारा

चाव्याच्या सरावात समोरचा माणूस हातावर जाड संरक्षक बाही चढवतो; रोज त्याच एका बाहीवर चावा दिला की कुत्र्याला माणूस दिसत नाही, बाही दिसते. कपड्याखाली लपवलेली बाही, तोंडाला मुसकं घालून अंगावर सोडणं, न धावणारा माणूस, असा बदल ठेवा. 'सोड' हा शब्द चाव्याच्या आधी शिकवा. सोडल्यावर पुन्हा चावायला मिळतं हे कळलं की तो पटकन सोडतो. मारून सोडायला लावलेला कुत्रा पुढच्या वेळी आणखी घट्ट धरतो.

पावसाळ्यात सुट्टी

चार महिने सराव बंद ठेवला तर ऑक्टोबरात निम्मं शिक्षण पुन्हा करावं लागतं. थोडा का होईना, रोज घ्या, भर पावसातही घ्या. केनेलमध्ये जमिनीपासून उंच बाज हवी, पाणी तुंबता कामा नये. कोकणात लेप्टोचा (उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचा) धोका दरवर्षीचा आहे आणि तो कुत्र्याकडून हँडलरलाही होऊ शकतो. लस पावसाच्या आधी द्या, उंदरांचा बंदोबस्त करा. गोचिडी कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, शेपटीखाली रोज तपासा. सुस्ती, उतरलेली भूक आणि फिकट हिरड्या दिसल्या की रक्त तपासून घ्या. गोचीडताप आधी 'आळशी झाला' असाच दिसतो.

शेवटी हँडलरच्या बदलीचं. कुत्रा नव्या माणसाकडे सोपवायचा असेल तर जुन्या आणि नव्या हँडलरने निदान काही आठवडे एकत्र काम करावं. खाणं, घासणं, फिरवणं आधी नव्याकडे, मग सराव, आणि प्रत्यक्ष गस्त सगळ्यात शेवटी.