दुरुस्तीवाला जवळ नसेल तर कोणता कॉम्प्युटर घ्यावा

गडचिरोलीतल्या एटापल्ली, भामरागड, सिरोंचा या बाजूच्या शाळांना, सेवा केंद्रांना आणि कॉलेजात शिकणाऱ्या पोरांना कॉम्प्युटर निवडून देण्याचं काम मी बरीच वर्षं करत आलोय. इथे मशीन बिघडलं की चंद्रपूर नाहीतर नागपूर गाठावं लागतं, आणि पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडहून निघणंच बंद. अशा ठिकाणी राहणाऱ्याला "आय सेव्हन घे, सोळा जीबी घे" हा सल्ला काही कामाचा नाही. अर्ज भरणं, टायपिंग, ऑनलाइन तास यांना साधं मशीन पुरतं. घेताना विचारायचं ते वेगळंच: बिघडलेला भाग कुरिअरने मागवून मला, किंवा गावातल्या बऱ्यापैकी हात चालणाऱ्या पोराला, तो बसवता येईल का?

१. काम एका जागी असेल तर डेस्कटॉपच

आणि तोही असेंबल केलेला, म्हणजे सुटे भाग जोडून बनवलेला. आपल्याकडे सगळ्यात आधी जातो तो एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा. विजेचा चढउतार असतोच, त्यात धूळ, आणि कितीतरी कॅबिनेट उघडल्यावर आत मेलेली पाल निघते. साधा एटीएक्स (नेहमीच्या मापाचा) एसएमपीएस तालुक्याच्या ठिकाणी मिळतो आणि चार स्क्रूंवर बदलतो. मोठ्या कंपन्यांच्या ऑफिस डेस्कटॉपमध्ये बऱ्याचदा एसएमपीएसचा आकार आणि पिना त्यांच्या स्वतःच्या असतात, बाजारातला बसत नाही. ऑल-इन-वन, म्हणजे स्क्रीनमध्येच सगळं बसवलेलं मशीन, घेऊच नका. स्क्रीन गेली की सगळंच बंद.

२. लॅपटॉप हवा असेल तर नुसती कंपनी बघू नका, मालिका बघा

लेनोवोची थिंकपॅड, डेलची लॅटिट्यूड (२०२५ पासून डेलने या मालिकेचं नाव डेल प्रो केलं), एचपीच्या प्रोबुक आणि एलिटबुक. ही बिझनेस मालिकांची मशीनं ऑफिसं घाऊक घेतात, त्यामुळे त्यांचे सुटे भाग वर्षानुवर्षं बाजारात राहतात. याच कंपन्यांची सेलमधली स्वस्त मशीनं म्हणजे निराळा माल. त्यांतल्या अनेकांचं बिजागर प्लॅस्टिकच्या बुडात बसवलेलं असतं, ते तुटलं की दुकानदार एमसीलने चिकटवून देतो आणि महिनाभरात पुन्हा तुटतं.

३. पैसे देण्याआधी सर्व्हिस मॅन्युअल वाचा

सर्व्हिस मॅन्युअल म्हणजे मशीन उघडून कुठला भाग कसा बदलायचा ते सांगणारं कंपनीचं पुस्तक. सगळी निवड इथे ठरते, आणि हीच पायरी लोक टाळतात. मलाही सुरुवातीला हे मॅन्युअल म्हणजे इंजिनीयरने वाचायची गोष्ट वाटायची. तसं नाही. लेनोवो, डेल, एचपी या तिन्ही कंपन्या आपल्या बिझनेस मशीनची मॅन्युअलं वेबसाइटवर फुकट ठेवतात. इंग्रजी जेमतेम असलं तरी चालतं, कारण निम्मं काम चित्रांवरच होतं.

आधी नेमकं मॉडेल कळलं पाहिजे. नुसत्या नावावर जाऊ नका. एकाच नावाच्या दोन पिढ्यांत, कधीकधी इंटेल आणि एएमडीच्या आवृत्त्यांतही आतला बोर्ड वेगळा असतो. एकात रॅमची खाच असते, दुसऱ्यात नसते. म्हणून दुकानदाराकडून खोक्यावरच्या लेबलचा फोटो मागा. तो देत नसेल तर दुसरं दुकान बघा. लेनोवोचं मशीन असेल तर त्यांच्या पीएसआरईएफ या साइटवर मॉडेल क्रमांक टाका, रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली (डाग देऊन पक्की बसवलेली) आहे की खाचेत बसते हे तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं.

मग मॅन्युअलमध्ये पहिल्यांदा कीबोर्डचं पान काढा. चहा सांडतो, दमट हवा लागते, मुंग्या शिरतात, त्यामुळे लॅपटॉपचा कीबोर्ड इथे हमखास जातो. प्रत्येक भागाच्या पानावर तो काढण्याआधी आणखी काय काय काढायचं ते दिलेलं असतं. कीबोर्डच्या आधी खालचं झाकण आणि बॅटरी एवढंच असेल तर उत्तम. बॅटरी, पंखा, मदरबोर्ड अशी लांबलचक यादी असेल, किंवा कीबोर्ड वरच्या आख्ख्या झाकणासकटच मिळत असेल, तर ते मॉडेल सोडा. अशा बऱ्याच मशीनमध्ये कीबोर्ड प्लॅस्टिकचे रिव्हेट वितळवून बसवलेला असतो. ते तोडून नवा कीबोर्ड पुन्हा घट्ट बसवणं घरच्या स्क्रूड्रायव्हरने जमत नाही.

पुढे रॅम आणि एसएसडी (फाइली साठवणारा भाग). दोन्ही खाचेत हवेत, आणि एसएसडी २२८० या नेहमीच्या लांबीची बसायला हवी; आखूड २२४२ ऐनवेळी सहज मिळत नाही. थिंकपॅडमध्येच एक्स वन कार्बन आहे. हलकं, सुंदर मशीन, पण रॅम सोल्डर केलेली. मॅकबुक एअरमध्ये तर रॅम आणि स्टोरेज दोन्ही बोर्डावरच. पुण्यात राहणाऱ्याने खुशाल घ्यावीत. आपल्याकडे रॅमची एक चिप गेली तर आख्खा मदरबोर्ड बदलावा लागेल.

चार्जिंगची जागाही बघा. यूएसबी-सी पोर्ट बहुतेक मशीनमध्ये मदरबोर्डावरच असतो, म्हणून ज्याला चार्जिंगचे दोन पोर्ट आहेत तेच मशीन घ्या. एक सैल झाला तरी दुसऱ्यावर काम चालतं. यूएसबी-सीचा आणखी एक फायदा: चार्जर जळाला तर ६५ वॉटचा दुसऱ्या कंपनीचा चांगला चार्जरही सहसा चालतो. डेलच्या जुन्या गोल पिनेत मधली बारीक सुई चार्जर ओळखते. ती बिघडली तर मशीन सुरू होतं, पण बॅटरी चार्ज होत नाही.

शेवटी मॅन्युअलमधून किंवा कंपनीच्या सुट्या भागांच्या यादीतून कीबोर्ड, बॅटरी आणि पंख्याचे पार्ट नंबर उतरवून घ्या आणि ते नेटवर शोधा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचा किंवा देशातला दुसरा कुणी विक्रेता ते विकत असेल तरच पुढे जा. भारतात कुठेच दिसत नसतील तर मशीन कितीही चांगलं असो, आपल्यासाठी नाही. आणि दुकानदाराच्या "सगळं बदलता येतं साहेब" यावर विसंबू नका. बदलता तर मदरबोर्डही येतो.

४. वॉरंटी

जाहिरातीत 'ऑनसाइट' लिहिलं म्हणजे माणूस तुमच्या पिनकोडवर येईलच असं नाही. एका आश्रमशाळेच्या ऑनसाइट वॉरंटीतल्या मशीनला कंपनीने "तुमच्या भागात सेवा नाही, सेंटरला आणा" म्हणून कळवलं आणि मास्तरांना ते घेऊन नागपूरला जावं लागलं. पिनकोड देऊन ईमेल करा आणि लेखी उत्तर घ्या. फोनवरचं आश्वासन धरू नका.

५. जुनं घ्यायचं असेल तर

खुशाल घ्या. बिझनेस मालिकेतलं जुनं मशीन मी नव्या स्वस्त मशीनपेक्षा कधीही आधी निवडेन. फक्त इंटेल आठव्या पिढीच्या आधीचं नको, कारण विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ त्याआधीच्या जवळपास कुठल्याच इंटेल प्रोसेसरला अधिकृतपणे चालत नाही. शाळेसाठी घेत असाल तर सगळी एकाच मॉडेलची घ्या, म्हणजे एक पूर्ण गेलं तरी त्याचे भाग बाकीच्यांना लागतात.

६. वीज

डेस्कटॉपला ६०० व्हीएचा यूपीएस (वीज गेल्यावर थोडा वेळ मशीन चालू ठेवणारा बॅटरीचा डबा) लावा. त्यातली १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी इन्व्हर्टरवाल्याकडे मिळते. मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थिंगमधल्या व्होल्टेजचा फरक मोजून घ्या. दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर आधी अर्थिंग करून घ्या, मशीन नंतर. विजा कडाडायला लागल्या की प्लग काढाच, आणि लॅनची (इंटरनेटची) वायरही काढा. ती राहते म्हणून बोर्ड जळतात.

७. मशीन आल्या दिवशी

सिरीयल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी सुरू झाल्याची तारीख बघा. बिलाच्या आधीची दिसत असेल तर बिल पाठवून लगेच दुरुस्त करून घ्या. ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोजचं इन्स्टॉलर करून ठेवा. बिटलॉकरची (विंडोजमधलं फाइली कुलूपबंद ठेवणारं साधन) ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून बिलासोबत ठेवा, कारण उद्या मदरबोर्ड बदलला तर मशीन तीच मागणार, आणि ती नसेल तर आतली एकही फाइल मिळणार नाही.