चेक परत आला: लढायचं की मिटवायचं, याचा हिशेब

टॉवेलच्या गाठी पोचल्या आणि पार्टीचा चार लाखांचा चेक परत आला, की सोलापूरच्या अक्कलकोट रोडवर पहिलं वाक्य ऐकू येतं, ‘कोर्टात खेचतो’. त्याआधी तारखा सांभाळा. बँकेचा मेमो (चेक परत आल्याची चिठ्ठी) हाती पडल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस, ती मिळाल्यावर समोरच्याला 15 दिवस, ते संपल्यावर महिन्याच्या आत कलम 138 ची (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्यातलं चेक न वटल्याच्या गुन्ह्याचं कलम) तक्रार. 15 दिवस पुरे होण्याआधी केलेली तक्रार टिकत नाही. नोटिशीत चेकची रक्कम वेगळी न दाखवता व्याज आणि जुनी उधारी एकत्र मागितली, तरी केस अडचणीत येते.

आता हिशेब. वसुलीची शक्यता 70 टक्के, निकालाला 3 वर्षं, कॅश क्रेडिटचं (धंद्यासाठी बँकेकडून उचललेल्या पैशाचं) व्याज 12 टक्के धरा. चार लाखांचे झाले 2,80,000. तीन वर्षांनी येणाऱ्या या पैशाची आजची किंमत साधारण 1,99,000. वकील आणि हेलपाटे 40,000 वजा केले की उरले 1,59,000. समोरचा आज रोख 2,20,000 देत असेल, तर तडजोड फायद्याची. आकडे स्वतःचे घाला. मात्र तुम्ही लगेच नमता अशी बाजारात ओळख झाली, तर पुढची पार्टीही तेच करेल. तो तोटाही धरा.

न्यायाधीशांचा पगार तुमच्या निकालावर ठरत नाही. त्यांच्या कामाचं मोजमाप निकाली काढलेल्या प्रकरणांच्या युनिटांत होतं. पुढची तारीख देणं सोपं असतं. सविस्तर निकाल लिहायला वेळ लागतो आणि तो अपिलात फिरू शकतो. म्हणून तुमचं प्रकरण निकाली काढायला हलकं करून ठेवा. सरतपासणी, म्हणजे तुमची स्वतःची साक्ष, शपथपत्रावर द्या. चेक, मेमो, नोटिशीची पोचपावती, बिल, ट्रान्सपोर्टची बिल्टी क्रमाने लावा. आरोपीने गुन्हा नाकबूल केला, की कलम 143अ खाली अंतरिम भरपाईचा अर्ज करा. कोर्ट चेकच्या 20 टक्क्यांपर्यंत, म्हणजे इथे 80,000 पर्यंत, भरायला सांगू शकतं. तेवढ्यावरच अनेकदा समोरचा बोलणी सुरू करतो.

कायदाही अशाच हिशेबांच्या रेट्याने सरकतो. कलम 138 लागू झालं 1 एप्रिल 1989 ला. शिक्षेच्या धाकाने वसुली लवकर होईल म्हणून लोक दिवाणी दावा सोडून इकडे वळले आणि कोर्टं तुंबली. 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दामोदर प्रभू प्रकरणात तडजोडीला जितका उशीर, तितका जास्त खर्च बसवला. (ते दर पुढे बदलले, आजचे वकिलाकडून घ्या.) 2014 मध्ये दशरथ राठोड प्रकरणात तक्रार चेक देणाऱ्याच्या बँकेच्या गावी करावी असं ठरलं. म्हणजे दिल्लीच्या पार्टीसाठी सोलापूरच्या कारखानदाराने दिल्ली गाठायची. 2015 च्या दुरुस्तीने ते उलटवलं: तुमचं खातं ज्या शाखेत, तिथलंच कोर्ट. म्हणून चेक सोलापूरच्या शाखेतल्या खात्यातच भरा.

बँका आणि फायनान्सवाले पुन्हा पुन्हा कोर्टात येतात. भक्कम केस ते शेवटपर्यंत लढवतात, कच्ची आधीच मिटवतात, म्हणून छापून येणारे निवाडे त्यांच्याकडे झुकतात. विरुद्ध बाजूने एखादा निवाडा पुढे केला, तर त्यातला पक्षकार कोण आणि निकाल 2015 च्या दुरुस्तीआधीचा की नंतरचा, हे पहिल्या पानावरच तपासा.