स्वस्त इलेक्ट्रिक गिटारचे पिकगार्ड आणि ब्रिज बदलताना

फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर या इलेक्ट्रिक गिटारच्या धर्तीवरील स्वस्त गिटारसाठी सुटे भाग घेताना ‘सर्व गिटारना बसते’ या शब्दांवर विसंबू नये. आधी मोजमाप घ्यावे आणि मगच खरेदी करावी. 1954 च्या मूळ स्ट्रॅटोकास्टरच्या पिकगार्डला (गिटारच्या पुढच्या बाजूवरील प्लास्टिकच्या पत्र्याला) 8 स्क्रू होते, पुढे ते 11 झाले. आजच्या नकला बहुधा 11 स्क्रूंच्या असल्या तरी भोके तंतोतंत जुळतातच असे नाही. दोन-तीन भोके सरकली असतील, तर जुन्या भोकात गोंद लावलेली लाकडी काडी ठोकून, ती वाळल्यावर नवे भोक पाडावे. पॉटच्या (आवाज आणि टोन कमी-जास्त करणाऱ्या बटणांखालील भागाच्या) भोकांकडे मात्र हमखास दुर्लक्ष होते: स्वस्त गिटारमधील लहान पॉटना सुमारे 7 मिमीचे, तर मोठ्या पॉटना सुमारे 9.5 मिमीचे भोक लागते. आतल्या वायरी सोडवण्यापूर्वी वायरिंगचे छायाचित्र घेऊन ठेवावे.

ब्रिजचे, म्हणजे गिटारच्या अंगावर तारा ज्यावर टेकतात त्या भागाचे, काम अधिक जोखमीचे आहे. सहा स्क्रूंच्या ट्रेमोलो ब्रिजमध्ये (दांड्याने हलवून सूर वर-खाली करता येणाऱ्या ब्रिजमध्ये) पहिल्या आणि सहाव्या स्क्रूच्या मध्यांतील अंतर मूळ अमेरिकी मापात 56.4 मिमी असते, तर अनेक स्वस्त गिटारवर ते 52.5 मिमी आढळते. शेजारच्या दोन स्क्रूंमध्ये हा फरक एक मिलिमीटरही नसल्याने डोळ्यांना तो कळत नाही, पण सहाव्या स्क्रूपर्यंत तो जवळजवळ 4 मिमी होतो. अशा वेळी स्क्रू तिरके पिळून बसवण्याचा मोह कटाक्षाने टाळावा, कारण त्यामुळे ब्रिज अडकतो आणि सूर परत जागेवर येत नाही. गिटारची जाडीही मोजावी. पातळ गिटारमध्ये पूर्ण लांबीचा ब्लॉक (ब्रिजखालचा धातूचा ठोकळा) मागून बाहेर डोकावतो.

नवी भोके पाडावी लागलीच, तर जुनी भोके कठीण लाकडाच्या गोल खुंट्यांनी गोंद लावून पूर्ण बुजवावीत आणि एक दिवस वाळू द्यावीत. तारांचा सारा ताण येथेच येत असल्याने पिकगार्डसाठी चालणारी काडी येथे पुरत नाही. नटपासून (मानेच्या टोकाकडील, तारा टेकणाऱ्या खाचांच्या पट्टीपासून) बाराव्या फ्रेटपर्यंतचे (मानेवरील धातूच्या आडव्या पट्टीपर्यंतचे) अंतर दुप्पट केले की स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, मिळते. 648 मिमीच्या स्केलवर ते अंतर 324 मिमी भरते. बारीक ई तारेचे, म्हणजे सर्वांत पातळ तारेचे, सॅडल (ब्रिजवरील त्या तारेचा सरकता आधार) साधारण या दुपटीच्या रेषेवर यावे आणि जाड तारांच्या सॅडलना मागे सरकायला जागा उरावी. ड्रिल लावण्यापूर्वी दोन्ही ई तारांच्या (कडेच्या सर्वांत पातळ आणि सर्वांत जाड तारांच्या) जागी दोरा ताणून, तो फ्रेटबोर्डच्या दोन्ही कडांपासून सारखाच आत राहतो का, हे पाहावे.

मागच्या स्प्रिंग अडकवण्याच्या पट्टीला सोल्डर केलेली अर्थिंगची वायर या झटापटीत तुटली असल्यास ती पुन्हा जोडावी, अन्यथा गुणगुण वाढते. तारा चढवून सुरात आणल्यावर बाराव्या फ्रेटवरील हार्मोनिक (तार न दाबता नुसते बोट टेकवून काढलेला स्वर) आणि दाबून वाजवलेला स्वर ताडून पाहावेत. दाबलेला स्वर चढा असेल, तर सॅडल मागे घ्यावे.