उस्त नाथातला सोलॉफेन: त्याला वाचवताना या चुका टाळा

‘बॉल्डर्स गेट २: शॅडोज ऑफ ॲम्न’ हा बायोवेअर कंपनीचा संगणक गेम २००० साली आला आणि २०१३ मध्ये त्याची एन्हान्स्ड (सुधारित) एडिशन निघाली. आजही नवे खेळाडू उस्त नाथा या ड्राऊंच्या (काळ्या एल्फांच्या) भुयारी शहरात शिरतात आणि त्यातले बरेच जण सोलॉफेन या ड्राऊ योद्ध्याला मारून बाहेर पडतात. त्या शहरातला हा सर्वांत सज्जन माणूस. तो आपल्या हातून जाऊ नये, म्हणून हे लिहितो आहे. (कथेतल्या बऱ्याच गोष्टी पुढे उघड होतील.)

पहिल्या भेटीवरून त्याला जोखणे

सगळं बिनसतं ते इथूनच. ॲडलॉन ही चंदेरी ड्रॅगन तुम्हाला ड्राऊंचं रूप देते आणि तिची चोरलेली अंडी परत आणायला पाठवते. तुम्ही चेड नासादचे व्हेल्ड्रिन म्हणून शहरात येता आणि सोलॉफेनच्या हाताखाली पडता. तो तुटक बोलतो, तुम्हाला तुच्छ लेखतो. साहजिकच खेळाडू मनात राग धरतो.

पण त्याची जागा पाहा. उस्त नाथात सत्ता लोल्थ या ड्राऊंच्या दुष्ट कोळी-देवीच्या पुजारिणींची आहे. पुरुष कितीही कसलेला योद्धा असला तरी एका स्त्रीच्या शब्दावर त्याचा जीव जाऊ शकतो. त्यात सोलॉफेन छुपेपणाने आयलिस्ट्रीला भजतो. ही चांदण्यात नाचणारी, तलवार धरणारी, चांगुलपणाकडे वळलेल्या ड्राऊंची देवी. लोल्थच्या शहरात तिचं नाव उच्चारणं म्हणजे मरण. अशा माणसाने अनोळखी पाहुण्याशी गोड बोलावं ही अपेक्षाच चुकीची आहे. त्याचा कडवटपणा हीच त्याची ढाल आहे. फेअरे या शहरातल्या बड्या ड्राऊ स्त्रीबद्दल तो बोलतो तेव्हा संवाद भराभर क्लिक करून पुढे ढकलू नका. कधीकाळी त्या दोघांचं प्रेम होतं. तिच्या आईने ते चिरडलं आणि आजची क्रूर फेअरे घडवली. हे शहर माणसांचं काय करतं, ते एवढ्या एका हकिगतीत कळतं, आणि तो स्वतः तसा का झाला नाही हा प्रश्नही मग पडतो.

हुकूम आला म्हणून मारणे

फेअरे एका टप्प्यावर सोलॉफेनला ठार करायला सांगते. जर्नलमध्ये (गेममधल्या नोंदवहीत) काम म्हणून नोंद येते आणि हात आपोआप तलवारीकडे जातो. थांबा. आधी त्याच्याशी बोला, त्याला सोडून देण्याचा पर्याय निवडा. तो आपला झगा तुम्हाला देतो. तोच पुरावा म्हणून फेअरेपुढे ठेवा. तिला तेवढं पुरतं.

त्याला जिवंत सोडलं, तर पुढे तोच तुमच्या मदतीला येतो. फेअरेची आई, शहराची सत्ताधारी पुजारीण (मेट्रन मदर) आर्डुलेस, हिच्याकडे ॲडलॉनची चोरलेली अंडी असतात, आणि फेअरेला त्यांच्या जागी खोटी अंडी ठेवायची असतात. सोलॉफेन तुम्हाला खोट्या अंड्यांचा आणखी एक संच देतो. मग खरी अंडी तुमच्याकडे राहतात, आणि राक्षसाला बोलावण्याच्या विधीच्या वेळी आई व मुलगी दोघींच्या हाती खोटीच अंडी असतात. बोलावलेला राक्षस काय करतो, ते पडद्यावरच पाहा. सोलॉफेन मेला असेल तर ही वाट बंदच होते.

दोन्ही संच मिळाल्यावर त्यांची गल्लत मात्र करू नका. खऱ्या अंड्यांच्या जागी फेअरेने दिलेली ठेवायची, आणि खरी म्हणून फेअरेच्या हाती सोलॉफेनची द्यायची. देण्याआधी वस्तूचं वर्णन उघडून वाचा.

शहरात हाणामारी सुरू करणे

गुलामांचे हाल पाहून चीड येते, ते समजू शकतो. पण एका चुकीच्या वारात सगळं शहर अंगावर येतं आणि कथेचा हा भाग तिथेच तुटतो. शहरात शिरण्याआधी वेगळा सेव्ह ठेवा. क्विकसेव्हवर विसंबू नका. पाहणारे आजूबाजूला असतील तर मोठ्या क्षेत्रावर पडणारे मंत्र टाळा.

त्याला सोबती करायचं असेल तर

मूळ गेममध्ये तो तुमच्या गटात येत नाही. त्याला सोबती बनवणारा चाहत्यांचा जुना मॉड (गेममध्ये बाहेरून घालायची भर) आहे. नेहमीची तक्रार असते, ‘मॉड टाकला, पण काहीच बदललं नाही’. बहुतेक वेळा कारण एकच: चालू सेव्हवर मॉड बसवलेला असतो. गेम एकदा पाहिलेला भाग सेव्हमध्ये साठवून ठेवतो, त्यामुळे तिथे नवा मजकूर येत नाही. मॉड आधी बसवा, मग नवा खेळ सुरू करा. आपली आवृत्ती जुनी की एन्हान्स्ड, आणि मॉड त्या आवृत्तीला चालतो का, हेही मॉडच्या माहितीत आधी तपासा.

आणि ड्राऊंची शस्त्रं-चिलखतं जमवून ठेवली असतील तर त्यांच्या भरवशावर आपलं जुनं सामान विकू नका. वर सूर्यप्रकाशात पोचताच त्यांची माती होते.