मालक गेला, विमा चालूच आहे: पॉलिसी नावावर करताना या चुका टाळा

तेरवी आटोपली की कपाट उघडलं जातं. एफडीच्या पावत्या, मालमत्ता कराची बिलं आणि त्यातच एखादी पॉलिसी निघते. हप्ते वडिलांनी भरलेले, विमा मात्र मुलीच्या जीवावर. घरचे लगेच मृत्यू दाव्याचा फॉर्म भरतात आणि शाखेतून तो परत येतो. ज्या मुलीचा विमा उतरवला ती समोर उभी आहे, मग दावा कसला? गेला आहे तो प्रस्तावक, म्हणजे पॉलिसीचा मालक. काम मालकी बदलण्याचं आहे.

पहिलं पान नीट वाचा. प्रस्तावक आणि विमित व्यक्ती अशी दोन वेगळी नावं दिसली, तर मुलाचं वय बघा. बहुतेक बाल विमा योजनांत मूल 18 वर्षांचं झालं की पुढच्या वार्षिक तारखेला मालकी आपोआप त्याच्याकडे जाते. याला व्हेस्टिंग म्हणतात. आम्ही धाकट्या बहिणीची पॉलिसी आईच्या नावावर करायला दोन चकरा मारल्या, तेव्हा कळलं की बहीण केव्हाचीच मालक झाली आहे! तिचा मोबाइल नंबर, बँक खातं आणि नॉमिनी नोंदवला की झालं. नॉमिनीचं तर कोणाच्या लक्षातच नव्हतं.

मूल अज्ञान, म्हणजे 18 वर्षांखालचं असेल तर वडिलांच्या जागी आई प्रस्तावक होते. हिंदू कुटुंबात 1956 च्या कायद्यानुसार वडिलांनंतर आईच नैसर्गिक पालक, त्यामुळे पालकत्वासाठी कोर्टात जावं लागत नाही. आईवडील दोघंही नसतील तर मात्र कोर्टाचा आदेश लागतो.

सगळ्यात महाग पडते ती पुढची चूक. अनेक बाल पॉलिसींना हप्ता माफीचा रायडर, म्हणजे मूळ पॉलिसीवरची जादा सोय, जोडलेला असतो. प्रस्तावक गेला की रायडरच्या मुदतीतले पुढचे हप्ते कंपनी माफ करते, पण मृत्यूची खबर दिल्याशिवाय नाही. एजंटने सांगितलं नाही, म्हणून आई पोटाला चिमटा घेऊन हप्ते भरत राहते. रायडर नसेल तर उलटा घोळ होतो. वडिलांचं खातं गोठतं, ऑटो डेबिट थांबतो आणि कोणाला पत्ता लागत नाही. वार्षिक, सहामाही, तिमाही हप्त्याला साधारण 30 दिवसांची सवलतीची मुदत असते, मासिकला 15. मालकीचे कागद अडकले असले तरी हप्ता काउंटरवर भरा, पावती घ्या. पॉलिसी बंद पडलीच असेल तर घाबरून सरेंडर करू नका. ती पुन्हा सुरू करता येते का, ते आधी विचारा.

नवऱ्याने बायकोच्या जीवावर घेतलेल्या पॉलिसीचा गुंता वेगळा. "नॉमिनी असेलच ना?" असं सगळे म्हणतात. पण 1938 च्या विमा कायद्याचं कलम 39 स्वतःच्या जीवावरच्या पॉलिसीपुरतंच नामनिर्देशन देतं. इथे मालकी वारसांकडे जाते, आणि हिंदू वारसा कायद्यात पत्नी आणि मुलांच्या बरोबरीने त्याची आईही पहिल्या वर्गातली वारस आहे. सासूबाईंची संमती गृहीत धरू नका, लेखी घ्या. वारसांत एकमत नसेल तर वारसा प्रमाणपत्रासाठी नागपुरात सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा न्यायालयाची पायरी चढावी लागते, आणि त्यात महिने जातात.

मृत्यूच्या दाखल्यातही चुका होतात. नोंद मृत्यू झाला त्या गावी होते, 21 दिवसांच्या आत. माणूस नागपूरचा पण सेवाग्रामच्या दवाखान्यात वारला असेल, तर महापालिकेच्या झोन ऑफिसात हेलपाटे घालून उपयोग नाही. नोंद करतानाच नाव पॉलिसीवरच्या नावाशी अक्षर न् अक्षर ताडून बघा.

कागद दिले की पोच घ्या, आणि नव्या मालकाची नोंद झाल्याचं पत्र हातात पडेपर्यंत फाइल बंद करू नका. लेखी तक्रार करूनही कंपनीने महिनाभर दाद दिली नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. नागपूरकरांसाठी ते कार्यालय पुण्यात आहे.